कमानीवर चालणारे सलाईन

सलाईनची बाटली पाहिली नाही असा माणूस आज खेड्यातही शोधून सापडायचा नाही. खाटेशेजारी भिंतीत एक खिळा ठोकलेला असतो, त्याला बाटली उलटी टांगलेली असते, तिच्यातून निघालेली नळी रोग्याच्या मनगटापर्यंत येते आणि मधल्या छोट्या कुपीत थेंब पडताना दिसतो. खिळा नसला तर दीर नाहीतर भाऊ हात उंच करून बाटली धरून उभा राहतो. हात भरून आला की दुसरा माणूस येतो. हे दृश्य इतके ओळखीचे झाले आहे की, बाटली वरच का टांगायची, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. आज आम्हांला याच साध्या प्रश्नापासून आरंभ करायचा आहे. कारण बाटली वर टांगण्याची गरज ज्याने नाहीशी होते, अशा एका लहानशा यांत्रिक साधनाची माहिती द्यावी, असा या लेखाचा हेतू आहे.

मनगटातल्या शिरेत रक्त असते आणि त्या रक्ताला थोडासा दाब असतो. बाहेरचे पाणी आत शिरायचे तर बाहेरचा दाब त्याहून जास्त हवा. बाटली हातापासून एक मीटर उंच टांगली, तर नळीतल्या पाण्याचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटर उंचीइतका होतो. आडव्या निजलेल्या माणसाच्या हातातील शिरेचा दाब साधारणपणे १० मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे मीटरभर उंची पुरून उरते. तीच बाटली खाटेवर ठेवली, तर थेंब थांबतो. खाटेखाली नेली, तर रक्त नळीत उलटे चढू लागते, आणि नातेवाइकांचा जीव वर-खाली होतो. विहिरीतून पाणी काढायला जसा रहाट, तसा सलाईनला खिळा. पृथ्वीचे आकर्षण हेच येथले इंजिन. ते फुकट आहे, कधी बिघडत नाही, त्याला वीज लागत नाही. दोष एकच: ते जागेवर बसून चालते. रोग्याला उचलून हलवायचे म्हटले की सगळे बिनसते.

जामखेडच्या श्रोत्यांना रोगी हलवणे म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको. येथून अहिल्यानगरचे मोठे रुग्णालय सुमारे ७५ किलोमीटरवर. वाटेत आष्टी आणि कडा ही बीड जिल्ह्यातील गावे लागतात, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या गावी जायला दुसऱ्या जिल्ह्यातून जावे लागते. खर्डा, नान्नज, साकत या बाजूंची माणसे त्याआधी जामखेडपर्यंत आलेली असतात ती निराळीच. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तो याच अंतरावर तोडगा म्हणून, असे म्हटले तरी चालेल. दोघांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात झाले होते. रोगी दवाखान्यापर्यंत पोचण्याआधीच गावात काय करता येईल, हा त्यांचा प्रश्न; आणि त्याचे उत्तर म्हणून त्यांनी गावातल्याच बायकांना, ज्यांतील कित्येकजणींना अक्षरओळखही नव्हती, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याचे श्रेय या बायकांनाही आहे.

या बायकांनी घरोघरी जी गोष्ट शिकवली ती सलाईनच्या चर्चेत आधी सांगितली पाहिजे. हगवणीने सुकत चाललेल्या मुलाला बहुतेक वेळा शिरेतून पाणी देण्याची गरज नसते. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात घातलेले पाणी घोटघोट पाजले, तर आतडे ते शोषून घेते. साखरेबरोबर मीठ आत जाते आणि मिठामागून पाणी. या युक्तीची सर्वांत मोठी कसोटी १९७१ साली लागली. बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून साखर-मिठाचे पाणी वाटायला सुरुवात केली. शेकडा ३० च्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या रोग्यांत शेकडा ४ च्याही खाली आले. तेव्हा अशक्तपणा आला म्हणून दवाखान्यात जाऊन 'एक बाटली चढवा' म्हणणाऱ्या मंडळींनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये असते साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही भरत नाही. साखरेचे सलाईन घेतले, तर अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर. तेवढी ताकद मिळवायला शिरेला भोक पाडण्याचे कारण नाही. भाकरीचा तुकडा आणि पेलाभर सरबत पुरते.

असे असले तरी काही प्रसंगी शिरेला पर्याय नसतो. बेशुद्ध माणसाला पाजता येत नाही. सारखी उलटी होत असेल, तर पाजलेले टिकत नाही. शिवाय काही औषधे अशी असतात की, ती रक्तात सतत, ठराविक आणि अगदी थोड्या मापाने जात राहावी लागतात.

'सतत' या शब्दावर आम्ही थोडे थांबतो. शिरेत मिठाचे पाणी घालून रोगी वाचवण्याचा पहिला खरा प्रयत्न १८३२ साली स्कॉटलंडमधील लीथ या गावी डॉ. थॉमस लट्टा यांनी केला. कॉलऱ्याच्या रोग्याचे रक्त घट्ट होते, त्यातले पाणी आणि क्षार निघून गेलेले असतात, हे विल्यम ओशॉनेसी नावाच्या एका तरुण डॉक्टराने थोडेच आधी दाखवून दिले होते. हेच ओशॉनेसी पुढे कलकत्त्यास आले आणि १८५० नंतर हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे त्यांनीच उभारले. पण तो निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे. लट्टांनी प्रथम निवडलेली रोगी एक वृद्ध स्त्री होती, इतरांनी तिची आशा सोडलेली. त्यांनी पिचकारीने थोडे थोडे करून जवळजवळ तीन लिटर पाणी तिच्या शिरेत घातले. बुडालेली नाडी लागली, चेहऱ्यावर रंग आला, ती बोलू लागली, आणि शांत झोपी गेली. लट्टा थकले होते. तिला रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या हवाली करून ते गेले. पुन्हा उलट्या-जुलाब सुरू झाले, पाणी मात्र पुन्हा कोणी दिले नाही, आणि साडेपाच तासांत ती वारली. औषध बरोबर होते, मात्राही बरोबर होती. ते चालू राहिले नाही. हातातल्या पिचकारीमागे सतत माणूस उभा राहावा लागतो, आणि माणूस थकतो. पुढे टांगलेल्या बाटलीने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली.

आता 'ठराविक' हा शब्द घेऊ. टांगलेल्या बाटलीचे माप थेंबांनी करतात. नेहमीच्या नळीचे २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. अर्धा लिटर सलाईन चार तासांत द्यायचे, तर एकूण थेंब १०,०००, मिनिटे २४०. म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. परिचारिका मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत थेंब मोजते आणि नळीवरचे चाक थोडे पुढे-मागे करते. येथवर ठीक. परंतु रोग्याने कोपर दुमडला की वेग बदलतो. बाटलीतले पाणी उतरले की दाब थोडा कमी होतो. चाकाखाली दबलेली प्लॅस्टिकची नळी हळूहळू आपोआप चपटी होत जाते, त्यामुळेही थेंब मंदावतात. साध्या सलाईनमध्ये एवढी चूक चालून जाते. काही औषधांच्या बाबतीत ती चालत नाही.

अशा औषधांपैकी आमच्या विषयाला सर्वांत जवळचे म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. गरोदरपणाच्या उत्तरार्धात काही स्त्रियांचा रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, डोके फार दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि वेळीच उपाय झाला नाही तर आकडी येते. जुन्या काळी या आकडीला बाहेरची बाधा समजून देवऋष्याला बोलावीत, आणि अशाच धावपळीत कित्येक घरांतून आई आणि बाळ दोघेही गेली. या आकडीवर मॅग्नेशियम सल्फेट फार गुणकारी आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर अनेक देशांत केलेल्या एका मोठ्या चाचणीत, हे औषध वेळीच दिल्याने आकडी येण्याचा धोका निम्म्याहून खाली येतो, असे दिसून आले. औषध स्वस्त आहे, जुने आहे. अडचण आहे ती देण्याच्या रीतीची.

रीती दोन आहेत. पहिल्या रीतीत आरंभीची ४ ग्रॅमची मात्रा शिरेतून देतात, त्याच वेळी दोन्ही ढुंगणांत ५-५ ग्रॅमची इंजेक्शने, आणि मग दर चार तासांनी आणखी ५ ग्रॅम. ५ ग्रॅम म्हणजे औषध भरतें १० मिलिलिटर. एवढे पाणी एका वेळी स्नायूत घालणे म्हणजे केवढे दुखणे, ते ज्यांनी भोगले त्यांनाच ठाऊक. ओल्या बाळंतिणीला दिवसरात्रीत असे सहा वेळा टोचायचे. दुसऱ्या रीतीत ४ ग्रॅमची पहिली मात्रा शिरेतून हळूहळू दिल्यावर पुढे तासाला १ ग्रॅम या वेगाने औषध शिरेतूनच चोवीस तास चालू ठेवतात. ही रीत रोग्याला सोसवणारी, पण तिचा हिशेब पाहा. औषध पातळ करून ५ मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम असे केले, तर तासाला ५ मिलिलिटर जायला हवे. नेहमीच्या नळीने तासाला १०० थेंब, म्हणजे तीन मिनिटांत पाच. बारीक थेंबाची नळी, जिचे ६० थेंब म्हणजे १ मिलिलिटर, ती लावली तरी मिनिटाला पाचच. चाक केसभर सैल झाले की पाचाचे पंधरा होतात, आणि मॅग्नेशियम जास्त झाले तर आधी गुडघ्याचा झटका नाहीसा होतो आणि मग श्वास थांबतो. म्हणून शहरातील रुग्णालये यासाठी विजेचा पंप वापरतात. त्याला घंटा असते, आकडे दिसतात. पण किंमत मोठी, दुरुस्ती करणारा माणूस लांब, आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही.

मध्यंतरी एक साधी कल्पना पुढे आली. उंचीऐवजी कमान वापरली तर? घड्याळाच्या आणि कुलपाच्या कमानीशी आपला जुना परिचय आहे. आता तिला स्प्रिंग म्हणतात. पिचकारीत औषध भरायचे, ती एका नळकांड्यात बसवायची आणि तिच्या दट्ट्यामागे ताणलेली किंवा दाबलेली कमान ठेवायची. कमान दट्ट्याला पुढे रेटते. ऑस्ट्रेलियात तयार झालेला 'स्प्रिंगफ्यूजर' नावाचा पंप याच जातीचा. हातात मावतो, उशाशी ठेवता येतो, साडीच्या ओच्यातही राहील. त्याला बाटली नको, खिळा नको, वीज नको. रोग्याला खाली-वर केले तरी त्याच्या चालीत फारसा फरक पडत नाही, कारण कमानीचा रेटा हाताच्या उंचीच्या मानाने पुष्कळ मोठा असतो.

ऐकणारा येथे विचारील की, कमान दट्ट्याला एकदम ढकलून सारे औषध क्षणात का घालत नाही? या साधनाची खरी खुबी येथेच आहे, आणि ती कमानीत नाही. पिचकारीच्या पुढे लावलेल्या नळीत आहे. ही नळी अतिशय बारीक भोकाची असते. नळीतून पाणी किती वेगाने जाईल, हे भोकाच्या रुंदीवर भयंकर अवलंबून असते: त्रिज्या निम्मी केली की प्रवाह निम्मा होत नाही, चौपटीनेही घटत नाही, तो सोळावा हिस्सा उरतो. शेतातल्या पाटाला मोठे बारे आणि लहान बारे यांतला फरक माहीत असलेल्या शेतकऱ्यालाही हा सोळा पटींचा हिशेब ऐकून नवल वाटते. म्हणून कारखान्यात नळीचे भोक आणि लांबी नेमकी धरली की, वेग ठरून जातो. परिचारिकेने थेंब मोजायचे नाहीत, चाक फिरवायचे नाही; ज्या वेगाची नळी लावली तोच वेग. कमान जसजशी सैल होत जाते तसतसा तिचा रेटा मात्र थोडा कमी होतो, हा जुन्या चावीच्या घड्याळातलाच दोष. सुताराच्या गुंडाळणाऱ्या पोलादी टेपसारखी पट्टीची कमान वापरली, तर रेटा पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळजवळ सारखा राहतो.

याच जातीचे दुसरे साधन म्हणजे रबरी फुग्याचा पंप. त्यात कमानीऐवजी ताणलेला फुगा स्वतःच आकसतो आणि औषध ढकलतो. कर्करोगाची काही औषधे याने घरी, चालता-फिरता घेता येतात. त्याचे वर्णन आम्ही येथे लांबवीत नाही. पुढे लागणारी बारीक नळी दोहोंतही सारखीच.

कमानीच्या पंपाची एक चाचणी आपल्या महाराष्ट्रात झाली आहे, हे पुष्कळांना माहीत नसेल. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि वेल्लोरचे ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय, या दोन ठिकाणी रक्तदाब वाढलेल्या गरोदर स्त्रियांना मॅग्नेशियम सल्फेट काहींना या पंपाने, काहींना तेथील नेहमीच्या रीतीने देण्यात आले. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पंप सुरक्षितपणे वापरता आला आणि स्त्रियांना ही रीत अधिक सुसह्य वाटली, असा त्यांचा सारांश. आम्हांला हा निष्कर्ष मोलाचा वाटतो, पण त्याला मर्यादाही आहे. ही दोन्ही मोठी शिकवणारी रुग्णालये. तेथे खाटेजवळ डॉक्टर असतात. साकतच्या घाटातून रात्री निघालेल्या गाडीत पंप कसा वागेल, ते अशा चाचणीने सिद्ध होत नाही.

आणि गाडीचा विचार करायचा तर जामखेडचा उन्हाळा विचारात घ्यायलाच हवा. पाणी तापले की पातळ होते, हे स्वयंपाकघरात तेल तापवणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पाण्याच्या बाबतीत ते डोळ्यांना दिसत नाही एवढेच. ३० अंशांवर पाण्याचा जो दाटपणा असतो, तो ४० अंशांवर सुमारे एक-पंचमांशाने कमी होतो. टांगलेल्या बाटलीत परिचारिका थेंब पाहून चाक आवळते. कमानीच्या पंपात चाक नाही. ३० अंशांसाठी आखलेली नळी वैशाखाच्या दुपारी ४० अंशांच्या गाडीत सुमारे २२ टक्के जास्त वेगाने औषध सोडील. तासाला १ ग्रॅमऐवजी जवळजवळ सव्वा ग्रॅम. पौषातल्या पहाटे उलट होईल. यावर उपाय अवघड नाही. बारीक नळी रोग्याच्या कातडीला चिकटवून वरून पट्टी बांधली की, ती शरीराच्या उष्णतेजवळ राहते आणि बाहेरचे ऊन तिला फारसे लागत नाही. कित्येक पंपांच्या नळ्या याच हिशेबाने आखलेल्या असतात. पण ही गोष्ट लावणाऱ्याला सांगितलेली हवी.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. शिरेतली सुई सरकून मांसात गेली, तर टांगलेली बाटली बहुधा मंदावते आणि थेंब थांबलेला पाहून कोणीतरी हाक मारते. कमान थांबत नाही. तिच्यात रेटा आहे, तो औषधाला मांसातही घालीत राहतो. हात सुजतो, आणि रोगी बेशुद्ध असेल, तर ओरडणारे कोणी नसते. शिवाय थेंब दिसतच नाही. पंप चालू आहे की नळीला पीळ पडून बंद आहे, हे पिचकारीवरच्या रेघा पाहूनच कळते, आणि पाच मिलिलिटर सरकायला तास लागतो. या पंपाला घंटा नाही. विजेच्या पंपाला मिळणारी किंमत पुष्कळशी त्या घंटेची असते, हे आम्ही विक्रेत्यांच्या कौतुकाच्या भरात विसरू नये.

म्हणून पंप बसवला की परिचारिकेचे काम संपले, अशी जी समजूत होऊ पाहते, ती धोक्याची. काम बदलते. थेंब मोजायचा वेळ वाचतो, तो रोग्याकडे पाहण्यात घालवायचा. मॅग्नेशियम चालू असताना तीन गोष्टी पुन्हा पुन्हा पाहाव्या लागतात: गुडघ्याच्या वाटीखाली ठोकले की पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ पेक्षा कमी तर होत नाही ना, आणि लघवी तासाला निदान ३० मिलिलिटर होते का. तिसरीचे कारण असे की, हे औषध मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते. लघवी थांबली तर ते अंगात साचते. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट भरून जवळ ठेवायचे असते. यांपैकी एकाही गोष्टीला वैद्यकाची पदवी लागत नाही. ज्या प्रदेशात गावच्या अशिक्षित बायकांनी गरोदर स्त्रीची तपासणी शिकून दाखवली, तेथे हे शिकवता येणार नाही असे आम्हांला वाटत नाही.

२०१४ सालापासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. तिच्या छपराला बाटली टांगायचा आकडा असतो, पण छप्पर आणि खाट यांत मीटरभर अंतर क्वचितच मिळते, आणि खड्ड्यात गाडी आदळली की थेंबाच्या कुपीत फेस होतो. मोठा रक्तस्राव झालेल्या रोग्याला पाणी झपाट्याने द्यायचे असेल, तेव्हा सलाईनच्या पिशवीभोवती हवेची पट्टी गुंडाळून ३०० मिलिमीटरपर्यंत दाब देतात. त्या कामी कमानीचा पंप उपयोगाचा नाही, कारण त्याचा स्वभावच थोडे थोडे देण्याचा. तासाला शेकडो मिलिलिटर ज्याला हवे त्याला पिशवी, आणि पाच मिलिलिटर ज्याला हवे त्याला कमान. गर्भिणीला आकडीचे लक्षण दिसल्यावर पहिली मात्रा गावाजवळच्या आरोग्यकेंद्रात देऊन पुढच्या दीड-दोन तासांच्या प्रवासात औषध चालू ठेवणे, हा या साधनाचा आमच्या मते खरा उपयोग.

तेव्हा गाडी निघण्यापूर्वी एक चिठ्ठी लिहून रोगिणीच्या मनगटाला किंवा पंपालाच बांधावी. पहिली मात्रा किती वाजता, किती दिली. पंप किती वाजता लावला. त्या वेळी दट्ट्या कोणत्या रेघेवर होता. गुडघ्याचा झटका होता की नव्हता. सोबत जाणाऱ्या सासूबाईंना किंवा नवऱ्याला दट्ट्याची रेघ बोट लावून दाखवावी आणि आष्टीला गाडी पोचली की ती पुन्हा पाहायला सांगावे. रेघ हलली नसेल किंवा हात सुजलेला दिसला, तर रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी पंप तेथेच काढून सुई नव्या शिरेत घालायची असते, आणि तेवढी एक जादा सुई व चिकटपट्टी पेटीत आहे, याची खात्री जामखेडलाच करून घ्यायची असते.